मंदीत उमेद कशी टिकवायची: तालुक्याच्या गावातल्या प्लॉट-घर एजंटसाठी टप्प्याटप्प्यानं

चार महिने एकही खरेदीखत झालं नाही की आपल्या धंद्यातली माणसं दोनपैकी एक चूक हमखास करतात. काही जण 'आता यात काही राहिलं नाही' म्हणत दुपारीच शटर ओढतात. काही जण भेटेल त्याला 'दिवाळीनंतर भाव उठणार, आत्ताच घेऊन टाका' सांगत सुटतात. दुसऱ्या प्रकाराला लोक आशावाद म्हणतात. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात २२ वर्षं मध्यस्थी करतोय. २००८ ची मंदी, २०१६ ची नोटबंदी आणि २०२० चं लॉकडाऊन या तिन्ही वेळा यातली एक तरी चूक मी केली आणि तिची किंमत मोजली.

भाव आपल्या हातात नाही. आज किती फोन केले, किती फाइली पूर्ण केल्या, किती मालकांशी खरं बोललो, हे हातात आहे. उमेद या हातातल्या कामावर उभी करायची असते. खाली दिलेला क्रम मात्र बदलू नका. बहुतेक जण थेट पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे फोन करण्यापासून सुरुवात करतात आणि पंधरा दिवसांत थकतात, कारण मागे फाइल तयार नसते आणि घरी पैशाची चिंता असते.

## टप्पा १: आधी घरची वही

एक साधी वही घ्या. डाव्या पानावर न टळणारा महिन्याचा खर्च लिहा: किराणा, वीज, मुलांची फी, आईवडिलांची औषधं, ऑफिसभाडं, पेट्रोल, कर्जाचे हप्ते. उजव्या पानावर हातात असलेली रक्कम आणि नक्की येणारी दलाली. 'नक्की' म्हणजे खरेदीखत झालंय आणि फक्त पैसे यायचे आहेत, एवढंच. 'बोलणी चालू आहेत', 'पार्टी तयार आहे' असल्या दलालीला या पानावर जागा नाही.

उजव्या बेरजेला डाव्या बेरजेनं भागा. महिन्याचा खर्च ३८,००० आणि हातात १,९०,००० असतील तर तुमच्याकडे पाच महिने आहेत. आकडा सहाच्या खाली असेल तर कात्री आजच लावा. फ्लेक्स बंद, दुसरी गाडी विकायला काढा, ऑफिस एखाद्या विमा एजंटबरोबर अर्धं-अर्धं वाटून घ्या. आणि हा आकडा घरात सांगा. मी २०१७ मध्ये तो बायकोपासून लपवला. तिला कळायचं ते कळलंच होतं, आणि वर मी खोटं बोलतोय हेही कळलं होतं.

सावधान: 'मंदीत स्वस्त मिळतोय' म्हणून स्वतःच्या खिशातून विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देऊन प्लॉट अडवून ठेवू नका. मुदतीत गिऱ्हाईक मिळत नाही, विसार बुडतो आणि मालकाशी संबंधही बिघडतात. मंदीत जे एजंट धंद्यातून उठलेले मी पाहिले, त्यातले बरेच दलाली न मिळाल्यानं नव्हे, अशा अडवलेल्या प्लॉटांमुळं आणि त्यासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जामुळं उठले.

तपासा: वही न उघडता 'माझ्याकडे किती महिने आहेत' हे सांगता येतं का? येत नसेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा २: नेमकं काय थांबलंय ते शोधा

'मार्केट थंड आहे' हे वाक्य चहाच्या टपरीवर चालतं, धंद्यात चालत नाही. पाच रकाने करा: शेतजमीन, बिगरशेती प्लॉट, तयार घर किंवा फ्लॅट, दुकानगाळा, भाड्याची घरं. प्रत्येकात गेल्या सहा महिन्यांत खरोखर झालेले व्यवहार लिहा. ज्या ले-आउटचे गट नंबर तुम्हाला पाठ आहेत, ते नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहा. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर बसणाऱ्या दस्तलेखनिकालाही विचारा. कसले दस्त येतात आणि कसले यायचे थांबलेत हे त्याला तोंडपाठ असतं.

आमच्याकडे एक जास्तीचा रकाना लागतो. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गलाईच्या, म्हणजे वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत. गावाकडं घर-प्लॉट घेणारा मोठा वर्ग हाच. त्यामुळं विट्यातला बाजार इथल्या पावसावर जेवढा हलतो, तेवढाच तिकडच्या गलाई दुकानांवर हलतो. तुमच्या गावात ही जागा साखर कारखान्याच्या बिलांची असेल, द्राक्ष-डाळिंबाच्या पैशाची असेल, नाहीतर मुंबईत नोकरीला गेलेल्यांची. पैसा कुठून येतो आणि कुठं अडलाय, हे ओळखलं की 'सगळं संपलं' ही भावना निम्म्यानं कमी होते. प्लॉट थांबलेले असतात तेव्हा भाड्याची घरं चालू असतात, हे पाच रकाने भरल्याशिवाय दिसत नाही.

## टप्पा ३: फाइलींची चाळणी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मंदीत वेळ भरपूर असतो आणि नेमकं हेच काम कुणी करत नाही.

१ सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेर ३ टक्के आणि पुढं मार्च २०२१ अखेर २ टक्के कमी केलं. लॉकडाऊननं गारठलेला बाजार अचानक हलला आणि ज्यांच्या फाइली तयार होत्या त्यांचे व्यवहार झाले. माझ्याकडे तेव्हा ११ मिळकती होत्या, कागद पूर्ण फक्त ३ च्या. बाकी आठ जणांच्या मागं मी ऐन सवलतीत उतारे गोळा करत फिरत होतो.

म्हणून हातातल्या सगळ्या मिळकतींचे तीन गठ्ठे करा. पहिला: उद्या गिऱ्हाईक आलं तर उद्या विसार करता येईल. दुसरा: दोन महिन्यांत कागद सरळ होऊ शकतात. तिसरा: कोर्टात आहे, भाऊबंदकी पेटलेली आहे किंवा मालकाला मुळात विकायचंच नाही. तिसरा गठ्ठा बांधून कपाटावर ठेवा आणि त्या मालकांना तसं स्पष्ट सांगा.

प्रत्येक फाइलला लागतं: चालू सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आठ-अ (खातेउतारा), जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन, घरपट्टीची पावती, मोजणीचा नकाशा. मालकीचा शोध अहवाल वकिलाकडूनच घ्यायचा, साधारण ३० वर्षांचा. पण वकिलाकडं जाण्याआधी सातबारा स्वतः वाचा. या चार जागा पाहा:

१. नावापुढं 'ए.कु.मॅ.' आहे का? म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं दिसतं, हिस्से सगळ्यांचे असतात.

२. 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का? कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा कमी करायला कुणी गेलेलं नसतं. दाखला आणून अर्ज केला की हे मार्गी लागतं. दुसऱ्या गठ्ठ्यातली सोपी कामं ती हीच.

३. भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) की वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन)? वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विसाराची भाषासुद्धा नको.

४. विकायचं क्षेत्र तुकडेबंदीत, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीत, अडकतं का? हे नियम अलीकडं बऱ्याचदा बदललेत, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबू नका, तहसील कार्यालयात ताजं विचारा.

पहिल्या मुद्द्यानं मला शिकवलेला धडा सांगतो. गावाजवळच्या तीन गुंठ्यांचा व्यवहार होता. घेणारा कोइमतूरहून यात्रेसाठी चार दिवस आलेला, बँकेत पैसे तयार. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव, पुढं ए.कु.मॅ. मी तिकडं लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी वकिलांनी विचारलं, "बहिणी किती?" दोन होत्या. एक गावातच, ती सहीला तयार. दुसरी वारलेली, तिची तीन मुलं वेगवेगळ्या गावांत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि ती नसेल तर तिच्या वारसांच्या सह्या लागणारच. चौथ्या दिवशी संध्याकाळी पार्टीची गाडी सुटली. ती पार्टी माझ्याकडं परत यायला दीड वर्ष गेलं. त्या कुटुंबाचं हक्कसोडपत्र नंतर तीन आठवड्यांत नोंदवून झालं. आधीच्या रिकाम्या महिन्यांत मी तेच करून ठेवायला हवं होतं.

सावधान: 'बहिणी काय मागत नाहीत, आपल्याच आहेत' हे मालकाचं म्हणणं म्हणजे सही नव्हे. आणि बहिणींशी बोलताना त्यांच्यावर दबाव आणण्याच्या कामात तुम्ही पडू नका. हक्क सोडायचा की हिस्सा घ्यायचा हे त्या ठरवतील.

तपासा: पहिल्या गठ्ठ्यात किमान पाच फाइली झाल्या का? तोवर जाहिरातीवर एक रुपया खर्च करू नका.

## टप्पा ४: मालकाशी भावाचं खरं बोलणं

इथं सगळ्यांची जीभ जड होते. मालकाला भाव कमी सांगितला तर फाइल दुसऱ्या एजंटकडे जाईल या भीतीनं आपण त्याच्या होला हो करतो. मग मिळकत दोन वर्षं पडून राहते, गावभर 'त्या प्लॉटात काहीतरी आहे' अशी कुजबुज सुरू होते आणि दोष आपल्यावर येतो.

भाव तोंडी सांगू नका, कागदावर मांडा. एका निवृत्त गुरुजींचा दोन गुंठ्यांचा प्लॉट होता. त्यांची अपेक्षा गुंठ्याला ९ लाख, आलेली मागणी साडेसात. मी त्यांच्या ओसरीवर बसून एका कोऱ्या पानावर हिशेब केला.

"गुरुजी, आज विकलं तर १५ लाख, थांबून विकलं तर १८. फरक ३ लाखांचा. बरोबर?"

"बरोबर."

"१५ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,०५,०००. दोन वर्षांनी ९ चा भाव आला तर थांबून तुमचे ९०,००० जास्त झाले. तीन वर्षं लागली तर उलट १५,००० कमीच."

गुरुजी काही बोलले नाहीत. आतून काकू चहा घेऊन आल्या, पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "आणि दरवर्षी काटेरी झुडपं काढायचे पैसे धरले का यात?" ते मी धरले नव्हते. त्यांनीच ते पेन्सिलीनं खाली लिहिले.

मी 'विका' म्हणालो नाही. पान तिथंच ठेवून आलो. दीड महिन्यानं गुरुजींचा फोन आला आणि व्यवहार गुंठ्याला ७ लाख ८० हजारांनी बसला. हिशेब उलटाही निघू शकतो. शेजारून रस्ता मंजूर झालाय, मालकाला पैशाची घाई नाही, अशा वेळी 'थांबा' हाच खरा सल्ला असतो आणि तोही द्यायला हवा. असा मालक पुढं तीन गिऱ्हाईकं पाठवतो.

सावधान: आलेली मागणी मालकाला कळवलीच पाहिजे, ती कितीही कमी असो. आणि मालकाला सांगितलेला भाव व पार्टीला सांगितलेला भाव यांत स्वतःसाठी अंतर ठेवणं म्हणजे दलाली नव्हे, फसवणूक आहे. तालुक्याच्या गावात ती आठ दिवसांत बाहेर येते.

## टप्पा ५: रोजचं मोजता येणारं काम

आता फोन. वहीत रोज तीनच आकडे लिहायचे: किती जुन्या माणसांशी बोललो, किती जागा स्वतः जाऊन पाहिल्या, किती फाइलींत एक तरी कागद वाढला. मी पाच, एक आणि एक असं ठेवतो. झालेले व्यवहार या पानावर लिहायचे नाहीत. ते महिन्यातून एकदा, वेगळ्या पानावर.

आधी फोन अशांना, ज्यांचा व्यवहार आपण पूर्वी केलाय. विकायला काही काढू नका. "दादा, तुमच्या प्लॉटावरून परवा गेलो होतो, कुंपणाचा एक खांब पडलाय, फोटो पाठवतो" एवढंच. बाहेरगावी राहणाऱ्या मालकाला याचं किती वाटतं, ते फोनवरच कळतं. त्यांना दुकानाच्या गर्दीत फोन करू नका, रात्री जेवणानंतर करा. मग दुसरा क्रम: ज्यांनी जागा पाहिली पण घेतली नाही. त्यांना 'का घेतली नाही' हे मनापासून विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहा. दहा उत्तरं झाली की बाजार समजतो. नवी माणसं सगळ्यात शेवटी.

गावाच्या कॅलेंडराकडं लक्ष ठेवा. पितृपंधरवड्यात कुणी विसार देत नाही. त्या दिवसांत फोन करून निराश होऊ नका, फाइली लावा. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया, यात्रा आणि मेची सुट्टी ही माणसं गावी येण्याची किंवा मुहूर्त धरण्याची वेळ. त्याआधी तीन आठवडे यादी तयार हवी.

तपासा: सलग २१ दिवस तिन्ही आकडे भरले का? मध्ये खंड पडला असेल तर पाचाचे तीन करा, पण रोज करा.

## टप्पा ६: लहान उत्पन्न चालू ठेवा

भाड्याच्या घरांना कमी लेखू नका. बदलीवर आलेले बँक कर्मचारी, शिक्षक, कॉलेजची मुलं यांना मंदी असो-नसो घर लागतंच. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. बऱ्याच मालकांना हे माहीत नसतं. नोंदणी ऑनलाइनही होते. ती नीट करून देणाऱ्या माणसाकडं मालक दरवर्षी परत येतो.

दुसरं, महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट नोंदणी. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा ८ पेक्षा जास्त युनिट असलेल्या प्रकल्पाला नोंदणी लागते, आणि अशा प्रकल्पातला प्लॉट-फ्लॅट विकायला एजंटलाही. २०२३ च्या आदेशापासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्र मागतात. अभ्यासाला याहून मोकळा काळ मिळणार नाही.

सावधान: दस्त स्वतः लिहू नका, 'वरून काम करून देतो' म्हणून कुणाकडून पैसे घेऊ नका.

## टप्पा ७: पार्टी आली की घाई करू नका

बऱ्याच दिवसांनी गिऱ्हाईक आलं की हात थरथरतो. सगळ्या मोठ्या चुका याच आठवड्यात होतात. क्रम असा ठेवा: फाइल दाखवा, जागेवर नेऊन हद्दी दाखवा, वकिलाला कागद द्या, मग विसार, मग साठेखत (विक्रीचा लेखी करार), मग खरेदीखत. विसार आधी आणि कागद नंतर, असं एकदाही करू नका.

विसाराची रक्कम थेट मालकाच्या खात्यावर जाऊ द्या, तुमच्या खात्यावर नको. मिळकतीच्या विसारापोटी २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानं घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे दोन्ही बाजूंना आधी सांगा. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं जात असेल तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. मात्र ती राहत्या घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटासाठी धरू नका.

दलाली किती, कुणाकडून आणि कधी, हे विसाराच्या आधी एका ओळीत लिहून घ्या. 'मंदी आहे, निम्मीच घ्या' असं खरेदीखताच्या सकाळी ऐकावं लागतं ते या एका ओळीअभावी. कमी करायचीच असेल तर सुरुवातीलाच करा, बदल्यात फाइल तीन महिने फक्त आपल्याकडं ठेवायला सांगा.

तपासा: पार्टी मोडली तर विसाराचं काय, हे पावतीवर लिहिलंय का? तोंडी 'बघू मग' असेल तर आज सही नको.

## टप्पा ८: संध्याकाळचा एक तास

आपल्यातले बरेच जण संध्याकाळी टपरीवर जमतात आणि एकमेकांना कुणाचा व्यवहार मोडला ते सांगतात. तिथं जाणं सोडा असं मी म्हणत नाही, माणसं तिथंच भेटतात. पण वही भरल्यावर जा. दिवसाचे तीन आकडे लिहून गेलेला माणूस ती बोलणी वेगळ्या कानानं ऐकतो. रात्री झोप उडाली असेल, घरी विनाकारण आवाज चढत असेल तर एखाद्या जवळच्या माणसाशी स्पष्ट बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

तीन महिन्यांनी पहिल्या टप्प्याची वही पुन्हा उघडा. 'महिने' दोनच्या खाली गेले असतील तर जोडधंदा सुरू करा, शेती, दुकान, नोकरी, जे जमेल ते. दुपारपर्यंत ते आणि संध्याकाळी फाइली. नोटबंदीनंतर मी आठ महिने मेहुण्याच्या खताच्या दुकानात बसलो. तिथं खत न्यायला येणाऱ्या शेतकऱ्यांकडूनच मला नंतर दोन जमिनींची कामं मिळाली. त्या फाइली मी दुकानाच्या काउंटरवर बसूनच पूर्ण केल्या, युरियाच्या पोत्यावर उतारे पसरून.